उलथणे आणि पालटणे: आमोस, होशेय, योना एकापाठोपाठ वाचताना

खडूफळा (धागाकर्ती)

गेल्या जूनपासून आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी हिब्रू बायबलातले 'बारा संदेष्टे' (देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या बारा जणांची पुस्तकं) वाचतो आहोत. पाचांत एक ख्रिस्ती, बाकीचे माझ्यासारखे, म्हणजे घरात देवघर आहे पण आरती पुस्तकात बघून म्हणणारे. पोहे होतात, वाद होतात, वाचन त्यामानाने कमी होतं. आठ महिन्यांत तीन संदेष्टे झाले यावरून वेगाचा अंदाज यावा.

सुरुवात आमोसपासून केली. ज्यांच्या नावाने स्वतंत्र पुस्तक आहे अशा संदेष्ट्यांत तो सगळ्यांत जुना मानला जातो. काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा. शलमोन राजानंतर राज्याचे दोन तुकडे झालेले आहेत. उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन. दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेत दुसरा यराबाम गादीवर, चाळीस वर्षांची दणदणीत कारकीर्द, सरहद्दी वाढलेल्या, बाजार तेजीत. अशा वेळी दक्षिणेतल्या तकोवा गावचा मेंढरं राखणारा माणूस सरहद्द ओलांडून बेथेलच्या देवस्थानात उभा राहतो आणि सांगतो की तुमचे दिवस भरले. तिथला पुजारी अमस्या त्याला म्हणतो, बाबा, तुझ्या गावी जा आणि तिथे पोट भर. हे राजाचं देऊळ आहे.

'नैतिक ऱ्हास' म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे येतं (हल्लीची पोरं, दारू, मोठ्यांचा मान राहिला नाही वगैरे) ते इथे जवळपास नाहीच. आमोस फिर्याद लिहावी तशी यादी देतो. पायातल्या जोड्याच्या किमतीला गरीब माणूस विकलात. गहाण म्हणून घेतलेली पांघरुणं देवळात अंथरून त्यांवर लोळलात. दंडापोटी वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या घरात बसून प्यायलात. धान्य मोजायचं माप लहान केलंत आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलायचा दगड जड केलात, म्हणजे दोन्हीकडून मारलंत. वर गव्हाच्या नावाखाली भूस विकलंत. शब्बाथ (शनिवारचा सुट्टीचा पवित्र दिवस) एकदाचा संपतो कधी आणि दुकान उघडतो कधी, असं तुम्हाला झालेलं असतं.

आता दया. सातव्या अध्यायात आमोसला टोळधाड दिसते. तो गयावया करतो, 'याकोब (म्हणजे इस्राएल) किती लहान आहे, तो कसा तगेल?' देव माघार घेतो. मग आग दिसते. पुन्हा तीच विनवणी, पुन्हा माघार. तिसऱ्यांदा देव हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा दिसतो (मूळ शब्दाचा अर्थ ओळंबा की कथील, यावर पंडित अजून भांडतात), आणि या वेळी आमोस गप्प बसतो. चौथ्यांदा पिकलेल्या फळांची पाटी. तेव्हाही गप्प. मला त्या दोन गप्प बसण्यांनी जास्त धस्स झालं. आणि नंतर पुस्तकाच्या अगदी शेवटी एकदम डोंगरांवरून द्राक्षारस ठिबकायला लागतो, पडलेली खोपटी उभी राहते, सगळं गोड.

पुढे होशेय. तोही उत्तरेच्या राज्याबद्दलच बोलणारा, काळही जवळपास तोच. तिथे अकराव्या अध्यायात देव म्हणतो, एफ्राइमा (हेही उत्तरेच्या इस्राएलचंच नाव), तुला मी कसा टाकू? माझं काळीज आतल्या आत उलटलं.

प्रश्न साधा आहे. या दोघांत खरा देव कुठला? आणि ज्या समाजाबद्दल इतकी कडक फिर्याद आहे, त्याला दया कुठल्या कलमाखाली मिळते?

रोखठोक

ताई, यात गूढ काही नाही. आमोसचा गोड शेवट नंतर जोडलेला आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. 'दाविदाची पडलेली खोपटी' असं म्हणायला ती आधी पडायला हवी ना? यहूदावर राज्य करणारं दाविदाचं घराणं पडलं इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास, बाबिलोनने यरुशलेम जाळलं तेव्हा. आमोसनंतर दीडशेच्या वर वर्षं. पुढच्या वाचकांना तो शेवट सोसवला नाही, त्यांनी वर साखर पेरली.

आणि होशेयचं काळीज उलटलं तर उलटलं, इतिहासाने काही ते ऐकलं नाही. इ.स.पू. ७४५ ला अश्शूरच्या (पूर्वेकडचं बलाढ्य साम्राज्य) गादीवर तिसरा तिग्लथ-पिलेसर आला आणि छोट्या राज्यांचे दिवस फिरले. यराबामनंतर शोमरोनमध्ये पंचवीस-तीस वर्षांत सहा राजे झाले, त्यांतल्या चौघांचा खून. ७२२ च्या सुमारास शहर पडलं. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन आपल्या शिलालेखात २७,२९० माणसं हलवल्याची फुशारकी मारतो. 'तुला कसा टाकू' म्हणणाऱ्याने टाकलं की नाही? मग ही दया नेमकी कुठे जमा झाली?

खडूफळा

आमोसच्या शेवटाबद्दल तुमचं मान्य. पण होशेयचा अकरावा अध्याय पुस्तकाच्या मध्यापुढे आहे, आणि त्याच्या मागेपुढे शिव्याशापच आहेत. साखर पेरणारा अशा ठिकाणी पेरत नाही.

दुसऱ्या परिच्छेदाला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

खापरतुकडा

देव-दयेत मला गती नाही, पण फिर्यादीच्या बाजूने काही पुरावे मांडतो. उत्खननाच्या खड्ड्यात उभं राहून आमोस वाचावा, फार मजा येते.

हस्तिदंती पलंगांवर पसरलेल्यांना तो झोडपतो. शोमरोनमध्ये १९३० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा राजवाड्याच्या आवारात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले. लाकडी सामानावर बसवायच्या त्या पट्ट्या: कमळं, पंखवाले प्राणी, थेट फिनिशियन कारागिरी. म्हणजे आमोस अलंकारिक बोलत नव्हता, सामानाची यादी वाचत होता. तिथेच त्याआधी १९१० मध्ये खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी सापडल्या होत्या. अमुक वर्षी, अमक्या गावाहून, अमक्याच्या नावे जुन्या द्राक्षारसाचा बुधला, शुद्ध केलेल्या तेलाचा बुधला. खेड्यातून राजधानीकडे काय वाहत होतं ते त्या खापरांवर दिसतं. उलट दिशेने काय गेलं याची नोंद नाही.

पण सगळ्यांत आवडतं खापर निराळंच आहे. यावने-याम जवळच्या एका किनारी किल्ल्यात १९६० मध्ये सापडलेलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे आमोसनंतर शंभरेक वर्षांचं आणि दक्षिणेतलं. कापणीच्या एका मजुराने किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे केलेला हा अर्ज आहे, बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलेला. मी ठरलेली कापणी केली, माल साठवला, मग शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं पांघरूण घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. माझं पांघरूण मला परत मिळावं. बस्स, एवढंच. त्याला मिळालं की नाही ते कळायला मार्ग नाही.

निर्गम पुस्तकात नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नाही, तो कशात निजेल? आमोसच्या देवळात लोळणाऱ्यांच्या खाली नेमकी हीच पांघरुणं होती. म्हणजे रात्र झालेली आहे, वस्तू परत गेलेली नाही, आणि ती घेणारा देवासमोर आडवा पडलाय. एका ओळीत तीन गुन्हे.

जोड्यांबद्दल: एक अर्थ असा की क्षुल्लक कर्जापायी माणूस वेठीला गेला. दुसरा असा की जोडा ही व्यवहाराची खूण. रूथच्या पुस्तकात सौदा पक्का करताना पायातला जोडा काढून देतात, त्याअर्थी 'जोड्यासाठी' म्हणजे कागदोपत्री अगदी कायदेशीरपणे. मला दुसरा जास्त भयंकर वाटतो.

अवांतर: पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' अशी तारीख दिली आहे. हासोर इथे आठव्या शतकातल्या थरात कललेल्या भिंती मिळाल्या, त्या याच भूकंपाच्या असाव्यात असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं.

नवा_भिडू

वाचतोय. बायबल कधी उघडलेलं नाही त्यामुळे सगळं नवीन. आमोस स्वतः कोण होता? गरीब शेळ्या-मेंढ्यांवाला की मेंढरांचा मालक? आणि हे आपल्या संतांसारखंच नाही का, तुकोबाही हेच सांगत होते ना?

खडूफळा

तो स्वतः म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरं राखतो आणि उंबरं टोचतो. पहिल्या ओळीत त्याच्या धंद्यासाठी जो शब्द आलाय तो दुसरीकडे मवाबच्या राजाला लावलेला आहे, ज्याच्याकडे मेंढरांचे मोठे कळप होते. त्यामुळे अगदीच कफल्लक नसावा. उंबर म्हणजे आपल्या औदुंबराच्या गोतातलंच झाड, पण जात वेगळी. त्याची फळं पिकावीत म्हणून त्यांना चीर द्यावी लागे. गंमत म्हणजे तकोव्याच्या उंचीवर ती झाडं होत नाहीत, ती खालच्या सखल मुलखातली. म्हणजे माणूस कामासाठी फिरणारा होता.

तुकोबांचं राहू द्या. 'हेच' म्हटलं की समोरचं पुस्तक मिटतं असा माझा अनुभव आहे. आमच्या रविवारात तो शब्द उच्चारणाऱ्याने पुढच्या वेळचे पोहे करायचे असा नियम आहे.

वसईची_केळी

आमच्याकडे चर्चमध्ये राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) योएलचं, म्हणजे याच बारांतल्या एकाचं, वाचन असतं. कपडे नको, हृदय फाडा, आणि देवाकडे फिरा, कारण तो कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध. लहानपणी मला 'मंदक्रोध' हा शब्द फार आवडायचा. बाकी कुठेच ऐकू यायचा नाही. वाटायचं, मंद गॅससारखं काहीतरी असेल, राग आहे पण उतू जात नाही.

धागा मस्त चाललाय. मी बोलणार कमी, वाचणार सगळं.

तेल्याचा_नातू

शलोम आणि नमस्कार. मी अश्दोदहून लिहितो. आमचं कुटुंब मूळचं रेवदंड्याचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागकडचे लोक आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून ताईंनी आमोसची शब्बाथवाली ओळ दिली तेव्हा हसू आलं. आमच्या पणजोबांच्या घाण्याची चौकशी त्याने केली असती तर बाकी काय निघालं असतं देव जाणे, पण त्या एका कलमात ते सुटले असते.

आधी मंदक्रोध. हिब्रूत नाकाला म्हणतात 'अफ', आणि रागालाही 'अफ'च. मराठीत राग नाकाच्या शेंड्यावर असतो ना, तसंच. आणि मंदक्रोधाला हिब्रू शब्द आहे 'एरेख अपायिम', शब्दशः लांब नाकाचा. देवाचं नाक लांब आहे, म्हणून राग शेंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हे मराठी माणसाला एका क्षणात कळतं, इंग्रजीतून वाचणाऱ्याला टीप द्यावी लागते.

आता मूळ प्रश्न, खरा देव कुठला. मी पंडित नाही, पण इथे रोज हिब्रू कानावर असते, त्यामुळे एक क्रियापद माझ्या कानाला सारखं टोचतं. 'हाफाख'. अर्थ उलथवणे, उलटवणे, पालटवणे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, देवाने सदोम हे पापी शहर उलथवलं तिथे हेच क्रियापद आहे. तेव्हापासून त्याला सदोमचा वास आहे. आता ते धरून चाला.

आमोसच्या पाचव्या अध्यायात: तुम्ही न्यायाचा पालट करून त्याचा कडू दवणा केलात. सहाव्यात पुन्हा: न्यायाचं विष केलंत. क्रियापद हाफाख. म्हणजे सदोमचं जे देवाने केलं ते न्यायाचं शोमरोनच्या लोकांनी केलं. उलथवणं तिथे सुरू झालंय, आकाशातून अग्नी यायच्या कितीतरी आधी, गावच्या वेशीत जिथे पंच बसत तिथे.

आता होशेय. देव म्हणतो, तुला मी अदमासारखा कसा करू? सबोईमसारखा कसा करू? ही दोन गावं सदोमच्या शेजारची, त्याच दिवशी भस्म झालेली. आणि पुढच्याच दमात, माझं काळीज माझ्या आत उलथलं. 'नेहपाख'. तेच क्रियापद! वाचणारा सदोमच्या आठवणीने दचकून वाट बघतोय की आता शहर उलथणार, आणि उलथतं ते देवाचं काळीज. जो घाव एफ्राइमवर पडायचा तो आत वळला. मी हे पहिल्यांदा हिब्रूत वाचलं त्या दिवशी बसमधून उतरायचा थांबा गेला.

म्हणून मला ते दोन देव वाटत नाहीत. फिर्याद एकच आहे, मागे घेतलेली नाही. आमोसमध्ये ती शहराच्या दिशेने जाते, होशेयमध्ये ती देवाच्या पोटात शिरते.

योनाचं नंतर लिहितो, दुकान उघडायचंय.

खापरतुकडा

वा! माझ्या कललेल्या भिंतीही तुमच्या क्रियापदात बसल्या की. आमोसच्या चौथ्या अध्यायात 'सदोमसारखं तुमच्यातल्या काहींना मी उलथवलं' असं आहे ते भूकंपाबद्दल असावं असं काही म्हणतात.

अबोली

चांगलं चाललंय, पण कोणीतरी घाण करायला हवी, ती मी करते.

होशेयचा अकरावा अध्याय सगळे वाचून दाखवतात. दुसरा कोण वाचणार? त्यात देव नवरा आहे आणि देश बायको. बायको दुसऱ्यांच्या मागे गेली म्हणून नवरा म्हणतो, मी तिला उघडी करीन, जन्मली त्या दिवशीसारखी करीन, तिची वाट काट्यांनी बंद करीन, तिच्या लेकरांवर दया करणार नाही. आणि हे सगळं झाल्यावर तिला रानात नेऊन गोड बोलेन. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये समुपदेशन करते. आधी मार, मग गजरा. हा क्रम मला पाठ आहे, आणि तो दयेचा क्रम नाही.

शिवाय मुलं! होशेयच्या मुलीचं नाव 'लो-रुहामा', म्हणजे जिच्यावर माया नाही ती. धाकट्याचं 'लो-अम्मी', माझे लोक नाहीत. बापाने देवाचा निरोप पोहोचवायला पोटच्या पोरीचं नाव असं ठेवलं. ती पाणवठ्यावर गेली की कोणी काय म्हणून हाक मारत असेल?

आमोसही काही कमी नाही. शोमरोनच्या बायकांना तो 'बाशानच्या गाई' म्हणतो. मापं खोटी करणारे बाजारातले पुरुष, त्यांना कुठलं जनावर म्हटलेलं आठवत नाही.

रोखठोक

अबोलीताईंना +१. हे कुणी बोलत नाही.

खडूफळा

आमच्या गटात दुसरा अध्याय वाचताना एक बाई उठून चहा टाकायला गेल्या आणि तो अध्याय संपेपर्यंत आल्या नाहीत. तेव्हा मला समजलं नव्हतं. बाशानच्या गाईंबद्दल एवढंच म्हणते की त्या बायका गरिबांना चिरडून नवऱ्याला 'आण, पिऊ या' म्हणतात, असा आरोप तिथे आहे; गाय म्हटल्याचं त्याने समर्थन होत नाही, कबूल.

तेल्याचा_नातू

अबोलीताई, दुसऱ्या अध्यायाला मी वकील देणार नाही. फक्त दोन शब्द दाखवतो, ते तुमच्याच बाजूचे आहेत की माझ्या, तुम्ही ठरवा.

'रुहामा' आणि दया या अर्थाचा 'रहामिम', दोन्ही ज्या धातूतून येतात त्यातच 'रेहेम' आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय. मराठीत आपण म्हणतो पोटात तुटतं, आतडं पिळवटतं, ती जागा. देव पुरुषाच्या तोंडाने बोलतो तरी त्याची दया बसते ती बाईच्या अवयवात.

दुसरा शब्द 'ईश'. म्हणजे पुरुष, आणि नवरासुद्धा. दुसऱ्या अध्यायात तुमचा तो नवरा म्हणतो, त्या दिवशी ती मला 'ईशी', माझा नवरा, म्हणेल. आणि अकराव्यात काळीज उलटल्यावर देव स्वतःबद्दल काय सांगतो? 'मी एल आहे, ईश नाही.' मराठीत आपण 'मी देव आहे, मनुष्य नाही' असं वाचतो, पण शब्द 'ईश' आहे. मी देव, पुरुष नव्हे. ज्या संतापलेल्या नवऱ्याचा वेष दुसऱ्या अध्यायात घातला होता तो इथे उतरवून ठेवल्यासारखा. तिथे चित्रही बदललेलं आहे: बोट धरून चालायला शिकवलेलं पोर. आणि अनुवाद पुस्तकात बंडखोर पोराला गावच्या वेशीत दगडांनी मारायची तरतूद आहे. तो कायदा हातात असताना बाप म्हणतो, नाही होत माझ्याने.

हे मी शोधलेलं नाही, स्त्रीवादी अभ्यासकांनी याकडे लक्ष वेधलंय.

अबोली

'मी पुरुष नव्हे' हे आवडलं, खोटं कशाला बोलू. पण वेष उतरवला म्हणून दुसरा अध्याय पुसला जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्यांनी दुसराच पाठ केला. मी माझा मुद्दा मागे घेत नाही, बाजूला ठेवते.

नवा_भिडू

मराठी बायबलमध्ये होशेयचं ते प्रसिद्ध वाक्य शोधलं, मला यज्ञ नको, दया हवी. मग देवाला दया हवी की देव दया करणार? कोणाकडून कोणाकडे?

तेल्याचा_नातू

चांगला प्रश्न, आणि गोंधळ भाषांतराचा आहे. तिथे रहामिम नाही, 'हेसेद' आहे. हेसेदला मराठीत दया म्हटलं की ती वरून खाली टाकलेली वाटते. हेसेद नात्यात असते. माझ्या मते सगळ्यांत जवळचं मराठी क्रियापद 'जागणे'. खाल्ल्या मिठाला जागणे, शब्दाला जागणे, नात्याला जागणे. देव म्हणतो, यज्ञ नकोत, जागा. आणि तुमचं जागणं कसलं, सकाळच्या धुक्यासारखं, ऊन चढलं की गेलं. म्हणून दोन्हीकडून. देव जागतो आणि तुम्हीही जागावं ही त्याची मागणी. चौथ्या अध्यायात 'या देशात सत्य नाही, हेसेद नाही, देवाची ओळख नाही' म्हटल्यावर लगेच येतं की जमीन शोक करते, रानातली जनावरं, पाखरं, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात.

वसईची_केळी

माशांचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे विचारा.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं होतं, केडगावला, मरेपर्यंत ते काम चाललं. त्यांनी इथे कोणता शब्द घातलाय, कोणाकडे प्रत असेल तर सांगा.

रोखठोक

माझा दुसरा परिच्छेद अजून उन्हात पडलाय. काळजाचं व्याकरण सुंदर आहे हो, पण २७,२९०.

आणि योना आणणार असाल तर नहूमही आणा. योनाला देव अश्शूरच्या निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, आणि शेवटी निनवे नाशातून बचावतं. बारांतलाच नहूम याच निनवेच्या नाशाचं गाणं उड्या मारत गातो. इतिहासात नहूमचं खरं ठरलं, ६१२ मध्ये निनवे पडलं. नहूमही तुमचं लांब नाकवालं वाक्य सुरुवातीला घेतो, पण पुढे लगेच 'तो दोषी माणसाला सोडणार नाही' हा तुकडा जोडतो. योना तोच उतारा घेताना तो तुकडा गाळतो. ज्याला जे हवं ते त्याने उचललं.

तेल्याचा_नातू

रोखठोक, तुम्ही देव मानत नाही पण पुस्तक आमच्या रब्बीपेक्षा बारीक वाचता.

खरं आहे, दोघांनी निर्गम ३४ मधलं एकच वाक्य दोन टोकांनी धरलं. आणि बाराही संदेष्ट्यांत प्रश्नावर संपणारी पुस्तकं ही दोनच. नहूमचा शेवटचा प्रश्न अश्शूरच्या राजाला: तुझ्या दुष्टपणाचा वार कोणावर झाला नाही? योनाचा शेवटचा प्रश्न योनाला. दोन्ही प्रश्न खरे आहेत. यहूदातल्या लाखीश शहराच्या वेढ्याची जी चित्रं अश्शूरचा राजा सन्हेरीबने आपल्या निनवेच्या महालात कोरून घेतली त्यांत सोललेले कैदी आहेत. योनाला निनवेची दया का येत नव्हती ते ती चित्रं पाहिल्यावर कळतं. तो चिडखोर विनोदी म्हातारा नव्हता.

आता क्रियापद. निनवेत योनाचा सगळा उपदेश पाच हिब्रू शब्दांचा आहे: आणखी चाळीस दिवस आणि निनवे 'नेहपाखेत'. उलथेल. किंवा पालटेल! शमुवेल संदेष्टा शौल राजाला सांगतो की तू पालटून वेगळा माणूस होशील, तिथे हेच रूप आहे. योनाने 'उलथेल' म्हणून सांगितलं, निनवेने 'पालटेल' करून दाखवलं. राजा राखेत बसला, गुराढोरांनाही गोणपाट. योना बाहेर फुरंगटून बसला की माझं भाकीत खोटं पडलं, आणि खरं तर शब्द न् शब्द खरा ठरला होता. मराठीत 'उलथापालथ' हा जोडशब्द आहे तो बहुतेक याच गोष्टीसाठी ठेवलाय.

२७,२९० चं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्यातल्या कोणाकडेच नसावं, म्हणून तर आमच्याकडे योना योम किप्पूरला वाचतात, उपासाच्या दिवशी, संध्याकाळच्या तोंडाला, जेव्हा पोटात काही नसतं आणि डोकं फार चालत नाही. कोकणात या दिवसाला 'दरफाळणीचा सण' म्हणायचे. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, कोणाशी बोलणं नाही. आमचं मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग १७९६ चं. त्याचं नाव शआर हारहामिम, दयेचं दार. मशीद बंदर स्टेशनातली 'मशीद' म्हणजे तेच, असं आमच्यात सांगतात. वर्षातून एकदा सगळी दारं बंद करून दयेच्या दारात बसायचं.

खडूफळा

काल रविवारी हा सगळा धागा छापून गटात वाचला. वादात एकाने राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा चौदावा अध्याय काढला आणि आम्ही सगळे गार झालो.

तिथे दुसऱ्या यराबामबद्दल दोन गोष्टी आहेत. एक, तो देवाच्या दृष्टीने वाईट वागला. दोन, तरीही त्याने उत्तरेतल्या लेबो-हमाथपासून अराबाच्या (म्हणजे मृत) समुद्रापर्यंत सरहद्द परत मिळवली, कारण इस्राएलचं दुःख फार कडू आहे हे देवाने पाहिलं आणि त्यांना कोणी वाली नव्हता. म्हणजे ती तेजी हीच दया होती. लायकी नसताना मिळालेली. आणि ही सरहद्द मिळेल हे आधी सांगणारा संदेष्टा कोण? गथ-हेफरचा योना, अमित्तयाचा मुलगा.

तोच हा योना. योनाचं पुस्तक खूप नंतर लिहिलं गेलं असं मानतात. म्हणजे लिहिणाऱ्याने हे नाव मुद्दाम निवडलं असणार. ज्याच्या तोंडून आपल्या नालायक राजाला फुकट दया मिळाली तोच निनवेला मिळाली म्हणून रुसतो.

आणि आमोस? सहाव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, मी तुमच्यावर एक राष्ट्र उठवतो, ते तुम्हाला लेबो-हमाथपासून अराबाच्या ओढ्यापर्यंत चिरडेल. तीच सरहद्द! योनाने दिलेली, आमोसने उलटी मोजलेली. मधल्या काळात त्या दयेचं काय केलं तर खापरतुकडा यांनी सांगितलेले हस्तिदंती पलंग, आणि खेड्यातून येणारे तेलाचे बुधले.

म्हणून रोखठोक, तुमच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर. 'दया कुठे जमा झाली' विचारलंत ना? एक हप्ता तरी शोमरोनमध्ये जमा झाला होता, आणि तो कुठे खर्ची पडला त्याचा हिशेब आमोसने दिलाय. उरलेला हिशेब जुळत नाही हे मान्य. २७,२९० मध्ये ज्यांचं पांघरूण गेलं तेही होते, फक्त घेणारे नव्हते.

रोखठोक

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत म्हणून आता मी गप्प. तिसऱ्या दृष्टांतातल्या आमोससारखा.

नवा_भिडू

योना रात्री वाचून काढला, चारच अध्याय निघाले. शेवटी देव विचारतो, उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं ज्या शहरात आहेत त्याची मला कीव येऊ नये का? सगळं पुस्तक गुरांवर संपतं! गुरं का?

तेल्याचा_नातू

याच्यावर मोठे ग्रंथ आहेत, ते सोडा. पणजोबांच्या घाण्याला एक बैल होता. शब्बाथच्या आज्ञेत बैल नाव घेऊन सांगितलाय, त्यानेही काम करायचं नाही. शेजारचे तेली शनिवारी बैल भाड्याने मागायला यायचे, उभाच आहे नाहीतरी, म्हणायचे. पणजोबा देत नसत. म्हणायचे, तोही आमच्यातलाच आहे, त्याला विचारा. ही गोष्ट आजीने इतक्या वेळा सांगितलीय की खरी किती आणि तिची किती, मला माहीत नाही.

ताई, पुढे बारांतला मीखा घेताय ना? सहावा अध्याय घाईत संपवू नका.

खडूफळा

मीखाच. 'हेच' म्हटल्याबद्दल पोहे नवा_भिडूकडे.